वऱ्हाडचा दुसरा मार्ग

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला व त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या पराक्रमाचे कौतुक झाले ते रास्तच होते. परंतु या दोन शहरांमधील व्यापार आता केवळ रस्त्यावरून चालत नाही. अमरावतीच्या पेढीचा हिशेब अकोल्याच्या गोदामात बसून पाहिला जातो. गठाणींचा साठा, डाळीचे सौदे, उधारीची खाती, सारे इंटरनेटवरून ये-जा करते. हा दुसरा मार्ग कितपत सुरक्षित आहे, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही.

कापसाची गाडी ताडपत्री बांधल्यावाचून फाटकाबाहेर न सोडणारा मालक आपली खातेवही उघड्यावर सोडतो, हे आश्चर्य होय. शाखेतून मुख्य दुकानाचा संगणक हाताळता यावा म्हणून त्याचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवावयाचे आणि त्यास सोपासा पासवर्ड लावावयाचा, ही सोय फार महागात पडते. अशी दारे शोधणारी यंत्रे जगभर अहोरात्र चालू असतात. एकदा आत शिरकाव झाला की सारे हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते.

यावर उपाय आहे व तो लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यातला आहे. व्ही. पी. एन. म्हणजे दोन ठिकाणांच्या राउटरांमध्ये बांधलेला खाजगी मार्ग. त्यावरून जाणारा मजकूर कूटबद्ध असल्यामुळे वाटेत कोणास वाचता येत नाही. पूर्वी अशा जोडणीस स्वतंत्र लीज्ड लाइन लागे आणि तिचे भाडे बँकांनाच परवडे. आज वायरगार्डसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. तथापि हा मार्ग म्हणजे सर्वरोगहर मात्रा नव्हे. एका शाखेतील बाधित संगणकाचा रोग त्याच वाटेने दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक शाखेस गरजेपुरताच प्रवेश द्यावा आणि हिशेबाची एक प्रत जोडणीबाहेर ठेवावी.

व्ही. पी. एन. हा शब्द उच्चारताच अनेकांस कायद्याची धास्ती वाटते. त्याचे मूळ 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात आहे. ही सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपावीत, असे त्यात फर्माविले होते. परंतु व्यवसायसंस्थांच्या अंतर्गत जोडणीस ते बंधन नाही, असा खुलासा सरकारनेच त्यानंतरच्या मे महिन्यात केला. तो व्यापाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, हा दोष सरकारचा. त्याच आदेशान्वये सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी लागते. ही गोष्ट किती दुकानदारांना ठाऊक असेल? नियम करावयाचा आणि तो लोकभाषेत सांगावयाचा नाही, ही रीत न्यायाची नव्हे.

अमरावती, अकोला व शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. व्यापारी संघटनांनी त्यांच्याशी बोलणी करावीत आणि अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांकडून सभासदांच्या जोडण्यांची तपासणी करवून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. सरकारने या नियमांची सुबोध मराठी पुस्तिका काढावी. गोदामाला कुलूप लावण्यास आपण कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. खातेवहीलाही ती पाहू नये.