जूनमध्ये तलाव सोडू नका

आखाजी आली की जळगाव-धुळ्याकडे पोहण्याच्या तलावावर पाय ठेवायला जागा नसते. पारा ४५ अंशांकडे, शाळांना सुट्या, आणि सकाळी सहाच्या बॅचला मुलांच्या बरोबरीने चाळिशी-पन्नाशीची माणसं. मग मृगाचा पाऊस पडतो आणि आठवडाभरात ही मोठी माणसं दिसेनाशी होतात. दीड महिन्यात पाण्याची भीती गेलेली असते, हातपाय मारता येऊ लागलेले असतात. खरं पोहणं तिथून पुढे सुरू व्हायचं, तर आपण टॉवेल गुंडाळून घरी. पुढच्या एप्रिलला पुन्हा पहिला धडा. माझी चार वर्षं अशीच गेली, म्हणून सांगतो: यंदा जूनमध्ये तलाव सोडू नका.

आपली आधीची पिढी विहिरीत शिकली. पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावरच्या काकांच्या हातात. पुढे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाण्याची पातळी खाली गेली, कितीतरी विहिरी आटल्या, ट्यूबवेल आल्या. ट्यूबवेलमध्ये कोण पोहायला शिकणार? बायकांना तर विहिरीचीही मुभा बहुतेक घरांत नव्हती. तेव्हा आज पंचेचाळिशीत पोहता येत नसेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विहिरीत शिकलेल्यांची अडचण निराळी आहे. विहीर केवढीशी, आणि वरून कोण मुटका मारतोय यावर नजर ठेवावी लागायची. त्यामुळे डोकं बाहेर ठेवून पोहायची सवय लागली. तिथे ते बरोबरच होतं. २५ मीटरच्या तलावात तीच सवय नडते. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली बसतात, अंग तिरकं होतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. त्यातून तिरक्या अंगाने जायचं म्हणजे सगळी ताकद पाणी रेटण्यातच संपते. तालमीत घाम गाळलेला गडी एका फेरीत धापा टाकतो आणि शेजारून साठीच्या मावशी शांतपणे पुढे निघून जातात, ते यामुळेच.

नजर तळाकडे ठेवा. दम लागतो तो पुष्कळदा हवा कमी पडते म्हणून नव्हे, आतली हवा सोडलेली नसते म्हणून. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहा; मान बाजूला वळेल तेव्हा फक्त श्वास घ्यायचा. पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारू नका, मांडीपासून हलवा. आणि एका फेरीत किती हात मारले ते मोजा. महिन्याभरात तिसाचे पंचवीस झाले, तर वेग वाढला नसला तरी पोहणं सुधारलं असं समजा.

पण हे वाचून येत नाही, कारण आपलं पोहणं आपल्याला दिसत नाही. माझं डोकं पाण्यात असतं अशी माझी खात्री होती. एक दिवस शेजारच्या लेनमधल्या ताई म्हणाल्या, "भाऊ, श्वास घेताना तुम्ही दर वेळी समोरच्या घड्याळाकडे बघता." चार वर्षांत मला जे कळलं नव्हतं, ते त्यांना दोन फेऱ्यांत दिसलं होतं.

म्हणून पाच-सहा जण जमवा. हिवाळ्यात भरीत पार्टीला जमतो तसेच, हक्काने. वीस मिनिटं सलग दामटण्यापेक्षा आठ फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीनंतर अर्धा मिनिट थांबा, आणि त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्याचं पोहणं बघा. लेनमध्ये सगळ्यांनी एकाच बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परतायचं, म्हणजे टक्कर होत नाही. दोन दिवस कुणी आलं नाही तर फोन करा. डिसेंबरात सहाचं पाणी सोसत नसेल तर रविवारी दुपारी या. पावसाळ्यात तलाव बंद ठेवत असतील, महिलांची वेळ नसेल, तर दहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या. एकट्याचं ऐकलं जात नाही, बॅचचं ऐकलं जातं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वय गेलं म्हणणाऱ्यांना मुरलीकांत पेटकरांची आठवण करून देतो. सांगली जिल्ह्यातला हा सैन्यातला बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटरचं सुवर्णपदक घेऊन आला. आपल्याला पदक नको आहे. निदान फेरी तर पुरी करू.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. तलावात चार फेऱ्या जमल्या म्हणून तापीत, गिरणेत, वाघूर धरणात उतरू नका. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालचं पात्र बघता बघता भरतं, आणि तिथे ना भिंत असते ना शिट्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडे २५ जुलैला नद्या भरलेल्या असतात आणि तलाव ओस.

तेव्हा उद्या तलावावर गेलात की शेजारच्या लेनमध्ये जे कोणी असतील त्यांना म्हणा, "भाऊ, माझे हात मोजता का?" मग त्यांचे तुम्ही मोजा.