बासमती, पण फक्त बेळगावच्या बाजारात

येळ्ळूर, धामणे, शहापूर, वडगाव या शिवारांतल्या काळ्या जमिनीत पिकणारा सुवासिक तांदूळ बेळगाव बासमती म्हणून विकला जातो. पावसाच्या तोंडावर धूळवाफ पेरणी, दिवाळीच्या आगेमागे सुगी आणि मागे उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा किंवा हरभरा, हा इथला क्रम. ज्या वर्षी बळ्ळारी नाला फुगतो, त्या वर्षी मात्र भात पाण्याखाली जातो.

सरकारदरबारी हा तांदूळ बासमती नव्हे. 2016 मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेला बासमतीचे भौगोलिक मानांकन मिळाले ते हिमालयाच्या पायथ्याकडील सात राज्यांच्या पट्ट्यापुरते. त्यामुळे निर्यातीच्या कागदावर बेळगावचा माल ‘बिगर बासमती’त मोडतो, आणि या फरकाला पैशाची किंमत आहे. 20 जुलै 2023 रोजी केंद्राने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बासमतीला बंदी नव्हती. तिला टनामागे 1,200 डॉलरची किमान निर्यात किंमत लावली, तीही पुढे 950 वर आणली. बंदीतून उत्तर प्रदेशातल्या काळानमक या सुवासिक तांदळाला एप्रिल 2024 मध्ये 1,000 टनांची खास सवलत मिळाली. बंदी उठली सप्टेंबर 2024 मध्ये.

जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के, म्हणून या बंदीची झळ दूरवर पोचली. फिलिपिन्सने सप्टेंबर 2023 मध्ये तांदळाच्या दरावर मर्यादा घातली, पुढच्या वर्षी आयात शुल्क 35 टक्क्यांवरून 15 वर आणले. सरकार इथले असो वा तिथले, महागाई वाढली की आधी गिऱ्हाइकाकडे पाहते. शेतकऱ्याची पाळी नंतर.

हमीभावातही वासाला मोल नाही. 2025-26 साठी साधारण भाताला क्विंटलमागे 2,369 आणि ‘अ’ दर्जाला 2,389 रुपये. फरक अवघा वीस रुपयांचा. सुवासिक वाण उतारा कमी देतो, उंच वाढून आडवाही पडतो. मग शेतकरी जादा उताऱ्याच्या वाणाकडे वळला, तर त्याला बोल लावता येत नाही.

बासमती या नावासाठी उत्तरेशी भांडणे व्यर्थ आहे. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाने स्वतःच्या नावावर मानांकन मिळवले. येळ्ळूर-धामण्याच्या शेतकऱ्यांनी संघ करून तीच वाट धरावी, आणि शुद्ध बियाण्याची जबाबदारी धारवाडच्या कृषी विद्यापीठाने उचलावी.