पार्ट वेगळा, लेबर वेगळं : बिलाची फोड मागून घ्या

दुरुस्तीच्या बिलात दोनच गोष्टी असतात. एक पार्ट, दुसरं मेकॅनिकचं लेबर. पार्टवर मालाचा कर, लेबरवर सेवेचा कर. हिशोब एवढा सरळ आहे. तरीही या एका प्रश्नावर वीस वर्षं नोटिसा आणि अपिलं चालली, आणि आज तोच प्रश्न आपल्या ट्रॅक्टरच्या बिलात येऊन बसलाय. म्हणून हे लिहितोय.

थोडा इतिहास बघू. मेंटेनन्सच्या करारांवर सर्व्हिस टॅक्स आला 1 जुलै 2003 ला. त्याच वेळी 12/2003 ही अधिसूचना आली. सेवेबरोबर विकलेल्या मालाची किंमत वगळा, पण कागदी पुरावा दाखवा, असं त्यात होतं. मेख पुराव्यातच होती. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार घ्या नाहीतर सांगलीत ढालगाव घ्या. पवनचक्कीचा वार्षिक करार एकरकमी असेल, तर त्यात ऑइल, बेअरिंग, माणसांची मजुरी सगळं एकत्र. फोड नसली की अख्ख्या रकमेवर सर्व्हिस टॅक्स, शिवाय पार्टवर व्हॅट होताच.

2012 मध्ये सूत्र आलं. मालाची खरी किंमत वेगळी काढली नसेल, तर वस्तूच्या दुरुस्तीत एकूण रकमेच्या 70 टक्के ही सेवा धरा. आता 1 लाखाचं काम घ्या, 85 हजारांचे पार्ट आणि 15 हजार लेबर. शेवटच्या 15 टक्के दराने लेबरवर कर होतो 2,250. सूत्राने होतो 10,500. लोखंडालाच मजुरी ठरवलं की हो!

जानेवारी 2017 मध्ये तमिळनाडूतल्या सेफ्टी रिट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टायर रिट्रेडिंगमध्ये मालाचा भाग वगळून फक्त सेवेच्या भागावरच सर्व्हिस टॅक्स लागेल. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि सर्व्हिस टॅक्सच गेला.

मग भांडण संपलं का? नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, ब्रेक असेंब्ली, रेडिएटर, मागचे टायर अशा बऱ्याच भागांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण दुरुस्तीचं लेबर 18 टक्क्यांवरच आहे. 20 हजारांचे असे पार्ट आणि 5 हजार लेबर असेल, तर फोड केलेल्या बिलात कर 1,900. 'ट्रॅक्टर रिपेअर, 25,000' असं एका ओळीत लिहिलं की अख्खं काम सेवा धरलं जाऊ शकतं, म्हणजे 4,500. फरक 2,600 रुपयांचा. कंपनी हा कर क्रेडिटमध्ये वळता करून घेईल. ऊस वाहणारा कराड-वाळव्याचा शेतकरी कुठून घेणार? त्याच्या खिशातूनच जाणार.

नियम आपल्या बाजूने आहे. गाड्यांच्या सर्व्हिसिंगबद्दल 8 जून 2018 च्या 47 क्रमांकाच्या परिपत्रकात म्हटलंय की माल आणि सेवा यांची किंमत वेगळी दाखवली असेल तर ज्याचा त्याचा दर लागेल. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा नोंदणीच लागत नाही. त्यामुळे गावातल्या छोट्या मिस्त्रीला उगाच छळू नका. प्रश्न जीएसटीचं बिल देणाऱ्या वर्कशॉपचा आहे.

कोणी म्हणेल, मग लेबर कमी आणि पार्ट जास्त दाखवतील. दाखवू देत की. पार्टची खरेदी आता पोर्टलवर दिसते, जुळवून बघा. काही जण चोरी करतील म्हणून सगळ्यांनी जादा कर का भरायचा?

माझ्या मते सरकारने दोन गोष्टी कराव्यात. दुरुस्तीच्या बिलात पार्ट आणि लेबर वेगळं दाखवणं सक्तीचं करावं. आणि शेती अवजारांच्या दुरुस्तीचं लेबरही 5 टक्क्यांत आणावं. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला 5 टक्के आणि जुना दुरुस्त करून चालवणाऱ्याच्या लेबरवर 18, हे कुठलं धोरण?

तोवर आपल्या हातात एवढंच. पैसे देण्याआधी म्हणायचं, "साहेब, पार्ट आणि लेबर वेगळं लिहा."