त्सावोचा दुष्काळ : तहान की भूक?

दुष्काळात वन्य प्राणी पाण्यावाचून मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. केनियातील त्सावोच्या अर्धशुष्क अरण्याचा अनुभव निराळा आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात १९७०-७१ च्या अवर्षणात हजारो हत्ती मृत्युमुखी पडले. गलाना नदीला तेव्हाही पाणी होते. परंतु काठालगतचा चारा संपला होता आणि लहान पिलांमुळे माद्यांना पाणी सोडून दूर जाता येत नव्हते. बळी घेतले ते भुकेने.

२०२० च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत एकामागून एक पावसाळे कोरडे गेले. वाढत्या तापमानाने जमिनीतील ओलही उडून गेली. २०२२ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती दगावल्याचे सरकारी अहवाल सांगतो; त्सावोचा समावेश सर्वाधिक झळ पोहोचलेल्या प्रदेशांत होता.

अशा वेळी कूपनलिका खोदण्याची मागणी होणे स्वाभाविक होय. तथापि जागोजागी बारमाही पाणी झाले, तर दुष्काळासाठी राखून राहिलेली दूरची कुरणेही आधीच फस्त होतील. पाऊस पडेल तिकडे चालत जाणे, हाच हत्तीचा अवर्षणावरील परंपरागत उपाय. कुंपणे, शेती आणि २०१७ मध्ये सुरू झालेला नवा लोहमार्ग यांनी ती वाट अरुंद केली आहे. लोहमार्गाखाली प्राण्यांसाठी रस्ते ठेवले आहेत खरे. पण त्यांच्या पलीकडची भूमी मोकळी राहिली, तरच त्यांना अर्थ उरेल.