राडारोडा वेगळा करायचा तो साइटवरच

‘राडारोडा म्हणजे शेवटी दगड, माती आणि विटाच. एखाद्या खड्ड्यात भराव म्हणून टाकला तर बिघडले कुठे?’ सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की हा सवाल येतोच. पण पाडकामाचा ढीग जरा जवळून पाहा. विटांबरोबर त्यात पीओपीचे छत असते, जिप्समचा गिलावा, रंगाचे डबे, वायरी, थर्माकोल आणि जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉसचे पत्रेही असतात. हा ‘भराव’ पुण्यात नदीपात्रात पडतो, मुंबईत खाडीकाठच्या कांदळवनात. पाण्याची वाट अडते, आणि पावसाळ्यात ते वस्तीत शिरते.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बिल्डर म्हणतात, दादर-गिरगावच्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नाही, तिथे राडारोडा वेगळा करायला चार ढीग कुठे लावणार? जागेची अडचण खरीच. पण इमारत एका दिवसात पडत नाही. दारे, खिडक्या, ग्रिल, नळ आधी उतरतात आणि भंगारवाला ते वेगवेगळे करून नेतो, कारण त्यात पैसा असतो. त्याच ओघात ब्रेकर लावण्यापूर्वी पीओपी आणि जिप्सम खरवडून पोत्यांत भरले, की पुढचा ढीग बराच स्वच्छ निघतो. याला जागा लागत नाही, कामाचा क्रम लागतो. आणि हे करायलाच हवे, कारण जिप्सममधले सल्फेट सिमेंटच्या कामात शिरले तर काँक्रीट फुगते, तडकते. पीओपी मिसळलेला ढीग दळून काढलेली खडी म्हणूनच कमी प्रतीची ठरते.

‘पण राडारोड्याच्या खडीवर घर उभे करायचे?’ घराचे खांब तिच्यावर उभे करा, असे कुणीच म्हणत नाही. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटपासून काढलेल्या खडीच्या मर्यादा स्पष्ट आहेत : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ प्रतीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि एम-१५ खालच्या कामात १०० टक्के. पायाखालचे पीसीसी आपल्याच जुन्या इमारतीच्या खडीचे व्हायला हरकत नाही.

कायद्यातही पळवाट नाही. २०१६ च्या नियमांनी जबाबदारी राडारोडा निर्माण करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक निघत असेल, तर काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला वेगळे करणे त्या नियमांनी बंधनकारक केले होते. कचराभूमींच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शहरातली नवी बांधकामेच रोखली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सवलत दिली, तीही राडारोड्याच्या विल्हेवाटीच्या अटीवर.

तरी नियम साइटवर का पोचत नाही? डंपरवाल्याला पैसे फेरीवर मिळतात म्हणून. जितक्या जवळ रिकामा करील, तितकी त्याची कमाई. त्याला रात्री पाळत ठेवून पकडण्यापेक्षा पुनर्विकासाच्या करारातच कलम घाला : राडारोडा प्रक्रिया केंद्रातल्या वजनकाट्याची पावती दाखवल्याशिवाय त्या फेरीचे बिल निघणार नाही, आणि पावत्यांची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी राहील. ही अट सभासदांनी घालायची आहे, आणि ती सह्या करण्यापूर्वीच घालता येते.