वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी



वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या वाशीम जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत वर्गणीची वही निघते. मंडप, लाऊडस्पीकर, खिरीचे दूध-साखर, पिण्याचे पाणी, सगळा खर्च चोख लिहिला जातो. मी कारकुनी पेशाचा माणूस. जमाखर्च जुळला की मलाही समाधान वाटते. परंतु यंदा कार्यक्रमाला पहिल्यांदाच कोण आले आणि ते शेवटपर्यंत बसले काय, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

पहिल्यांदा येणारे दरवर्षी असतात. लग्न होऊन गावात आलेली सून असते. पुण्या-मुंबईत वाढलेली, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलेली मुले असतात. दुसऱ्या समाजातला, आपल्या मुलाचा वर्गमित्र असतो. त्यांच्या वाट्याला काय येते? पत्रिकेत सायंकाळी सहाची वेळ छापलेली असते आणि प्रमुख पाहुणे साडेआठला उगवतात. मग हार, सत्कार, पुन्हा सत्कार. लेकराच्या डोळ्यांवर झोप येते आणि त्याची आई उठून घरी जाते. वंदना सुरू झाली की नवख्याला पाली शब्द समजत नाहीत; तो नुसतेच ओठ हलवतो. शेवटी डीजे लागला की म्हातारी माणसेही उठतात. नवा माणूस खीर खाऊन जातो खरा, पण कशासाठी जमलो होतो हे त्याला कळतच नाही.

आपण सारेच एकदा नवखे होतो, हे विसरून कसे चालेल? २४ मे १९५६ रोजी, बुद्ध जयंतीच्याच दिवशी, मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरात धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक जमले. त्यांतल्या बहुतेकांनी त्रिशरण-पंचशील आयुष्यात प्रथमच उच्चारले. बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग आपल्या लोकांना स्वतः दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, अडाण्यालाही समजतील अशा. नवख्याला कसे सामावून घ्यावे, याचा धडा त्या दिवशीच मिळालेला आहे.

तेव्हा यंदा एवढे करावे. कार्यक्रम छापलेल्या वेळेला सुरू करावा. पाहुण्यांसाठी लोकांना ताटकळत ठेवू नये. वंदनेपूर्वी पाच मिनिटे कोणीतरी मराठीत सांगावे की, सिद्धार्थाचा जन्म, त्याची ज्ञानप्राप्ती आणि तथागतांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाख पौर्णिमेच्याच मानतात. सुजातेने दिलेल्या खिरीची आठवण म्हणून आपण खीर वाटतो. पंचशीलाचा अर्थ एकेका वाक्यात सांगावा.

आपल्या गावाचीही ओळख मुलांना द्यावी. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तसा शिलालेखच त्या लेण्यात आहे. बुद्ध आपल्या भागाला नवा नाही, हे ऐकले की सुट्टीत आलेल्या पोराचीही मान ताठ होते.

शेवटची गोष्ट आपल्या माता-भगिनींची. वंदना चालू असते तेव्हा विहारामागे चुलीजवळ कोण असते? वीस-वीस वर्षे पौर्णिमेची खीर ढवळणाऱ्या, पण एकही प्रवचन पूर्ण न ऐकलेल्या कितीतरी बाया आपल्या वस्तीत आहेत. दरवर्षी येऊनही त्या कार्यक्रमाला आलेल्याच नाहीत. वैशाखाच्या उन्हाने अंगाची लाही होत असताना चुलीची धग सोसायची ती त्यांनीच. यंदा खीर दुपार कलताच शिजवून ठेवावी, वाढण्याचे काम तरुण पोरांनी उचलावे आणि या माउलींना पुढच्या सतरंजीवर बसवावे. त्याला वर्गणीतला एक रुपयाही जास्त लागणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!