जमाखर्च: नव्या स्टेडियमची लक्ष्मी कोणाच्या घरी?

लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वहीची पूजा करणारी माणसं आपण. म्हणून यंदा आपल्या अटलांटातल्याच एका मोठ्या वहीत डोकावू या. ट्रुइस्ट पार्कवर ब्रेव्हजचा सामना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलांना खेळाडूंचे आकडे पाठ, आईबाबांना पार्किंगचे! पण नव्या स्टेडियममुळे संघाला खरंच पैसा मिळतो का?

आधीचं टर्नर फील्ड १९९६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. ब्रेव्हज तिथे जेमतेम वीस मोसम खेळले आणि २०१७ मध्ये कॉब काउंटीत आले. गंमत म्हणजे नवं स्टेडियम आधीपेक्षा लहान आहे. सुमारे पन्नास हजारांऐवजी एक्केचाळीस हजार खुर्च्या. मग फायदा कसा? एक तर महागड्या जागा वाढल्या. दुसरं म्हणजे दाराबाहेरची 'बॅटरी'. तिथली दुकानं, खाण्याची ठिकाणं आणि ऑफिसं यांचं भाडं संघाच्या मालक कंपनीला मिळतं. २०२४ मध्ये कंपनीचं एकूण उत्पन्न सुमारे ६६ कोटी डॉलर होतं. त्यातले जवळजवळ ७ कोटी या जागांमधून आले.

यातली खरी मेख पुढे आहे. बेसबॉलच्या नियमानुसार प्रत्येक संघाला आपल्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातला ४८ टक्के वाटा सामायिक पेटीत टाकावा लागतो. दुकानांचं भाडं मात्र त्यात धरलं जात नाही. तिकिटाचा डॉलर वाटून घ्यायचा, भाड्याचा घरातच राहतो.

मग प्रत्येक संघाचं भलं होतं का? मायामीकडे पाहा. मार्लिन्सचं नवं स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं, तेव्हा मोसमात २२ लाख प्रेक्षक आले. संघ हरला, मोठे खेळाडू विकले गेले आणि पुढच्याच वर्षी हा आकडा १६ लाखांवर आला. नव्याची नवलाई नऊ दिवस! तरी मालकाचं काही बिघडलं नाही. २००२ मध्ये सुमारे १६ कोटी डॉलरना घेतलेला संघ २०१७ मध्ये १२० कोटींना विकला गेला. त्या काळात सगळ्याच संघांच्या किमती वाढल्या हे खरं. पण स्टेडियमचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च सरकारी तिजोरीतून झाला होता, हेही तितकंच खरं.

म्हणजे उत्तर असं: स्टेडियम नवं असल्याने नव्हे, तर त्याचं कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर आणि भाडं आपल्या खिशात असल्याने संघ श्रीमंत होतो. कॉबने सुमारे ३० कोटी डॉलर घातले. २०१३ मध्ये कमिशनरांनी ४ विरुद्ध १ मतांनी ठराव केला. लोकांचं मत घेतलंच नाही. केनेसॉ स्टेट विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांच्या अभ्यासानुसार काउंटीला मिळणारा जादा कर हा खर्च भरून काढत नाही.

मंडळी, सामन्याला जरूर जा. मुलांबरोबर ओरडा. पण तुमच्या काउंटीत असा प्रस्ताव आला, तर जाहीर सुनावणीला जाऊन दोन प्रश्न विचारा: कर्ज कोण फेडणार? भाडं कोण घेणार? आणि तरुण मंडळींनो, राष्ट्राध्यक्षासाठी रांगेत उभे राहता, तसे काउंटी कमिशनरसाठीही राहा. घराच्या कराच्या बिलाचा एक भाग तिथूनच ठरतो.

शुभ दीपावली!